मोजलं कवा?

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कागदावर सलग पानभर लिहिलेलं नाही. मीही परीक्षेच्या पेपरापलीकडे फारसं लिहिलेलं नाही. त्यामुळे एका माणसाबद्दल लिहायला बसलो आहे, ही माझी मलाच धिटाई वाटते. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं ते काही थोर वगैरे नाहीत. गल्लीच्या पलीकडे त्यांना फार लोक ओळखत नसतील, आणि जे ओळखतात त्यांतले निम्मे त्यांना पाहून रस्ता बदलतात. कुठे कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी घरचा मुलगा समजून सांभाळून घ्यावं.

मी लिहितो आहे हे त्यांना कळलं, तर बरंवाईट काही म्हणायच्या आधी ते एकच विचारतील, "लिहिलं कवा?" म्हणून ते आधीच सांगून टाकतो. पौष महिना. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. अमरावतीच्या वसतिगृहाची गच्ची. खोबरेल तेलाची बाटली शेजारी आहे, आणि तेल गोठलेलं आहे.

तेलाचं पुढे सांगतो.

जळगाव जामोदला कॉलेजात नाव घातलं तेव्हा राहायचं कुठे हा प्रश्न होता. आमचं गाव सोनाळ्याहून अर्धा कोस आत, सातपुड्याच्या पायथ्याशी. वडील मला घेऊन खोली शोधत फिरले. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत बॅटरी चार्जिंगचं एक दुकान होतं आणि दुकानामागे एक खोली रिकामी होती. दुकानात एक उंच, हडकुळे गृहस्थ बसले होते. अंगात बंडी, कानावर खडू. वडिलांनी रामराम केला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"उंची किती बे तुही?"

"पाच फूट सहा इंच."

"मोजलं कवा?"

"दहावीत. शाळेत मोजली होती."

"मी साल नाई इचारलं. सकाळी मोजली का संध्याकाळी?"

वडील माझ्याकडे पाहू लागले आणि मी वडिलांकडे.

"सकाळी उठल्यावर माणूस लांब असते," ते म्हणाले. "दिवसभर उभं राहून, वझं उचलून संध्याकाळी आखूड होते. त्या खोलीचं दार पाच फूट सहाचं हाये. सकाळी वाकून निंघजो. संध्याकाळी सीधा आला तरी चालते."

निघताना वडील माझ्या कानाशी म्हणाले, "माणूस येडा हाये, पण बेइमान नाई. राह्य अठीच."

तीन वर्षांत त्या दारावर माझं डोकं बऱ्याचदा आपटलं. दरवेळी सकाळीच आपटलं. योगायोग असेल, पण मी जे पाहिलं ते सांगतो आहे.

मी त्यांना काका म्हणायचो. गाव त्यांना मापारी म्हणायचं, कारण बॅटरीच्या धंद्याआधी ते बाजारात कापूस तोलायचे. काट्यावर बसणाऱ्या मापाऱ्याने वजन चिठ्ठीवर लिहायचं, एवढंच काम. काका वजनापुढे वेळही लिहायचे. आमच्याकडे पहाटे दहिवर पडतं. दहिवरात वेचलेला कापूस ओला असतो, म्हणून जड भरतो. तोच कापूस दुपारी तोलला तर हलका. हे शेतकऱ्याला ठाऊक असतं, अडत्यालाही ठाऊक असतं, आणि दोघंही ते एकमेकांसमोर बोलत नाहीत. काका ते चिठ्ठीवर लिहायचे. त्यामुळे सकाळी कापूस आणणारे त्यांच्यावर चिडायचे आणि दुपारी घेणारेही चिडायचे. "दोघं एकाच वक्ती चिडले म्हंजे काटा बराबर हाये," असं काका म्हणायचे. बाजाराला हा हिशोब पटला नाही. एक दिवस त्यांनी काटा सोडला आणि ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरून द्यायला सुरुवात केली.

सवय मात्र सुटली नाही. कोणताही आकडा त्यांच्यासमोर एकटा उभा राहू शकत नसे. दूधवाल्याने दोन लिटर म्हटलं की, "मोजलं कवा? फेस होता तवा का बसल्यावर?" डॉक्टरने ताप एकशे एक म्हटला की, "घाम याच्या आधीचा का नंतरचा?" माझे सहामाहीत भूमितीत शहात्तर मार्क आले होते. मी आनंदाने सांगायला गेलो, तर म्हणाले, "पेपर कवा झाला होता?" मी म्हटलं, सोमवारी. "आता सांग, समांतर रेषा म्हंजे काय." मला धड सांगता आलं नाही. "मंग ते शहात्तर सोमवारचे होते," ते म्हणाले, आणि पुन्हा बॅटरीच्या तोंडात पाणी घालू लागले.

काकू एकट्याच त्यांना पुऱ्या पडायच्या. एकदा कशावरून तरी काकू म्हणाल्या, "लग्नात मी गोरी होती, इचारा कोणालेबी."

काका मान वर न करता म्हणाले, "मी पाह्यलं तवा हळद लागेल होती. तो आकडा धरता येत नाई."

"आन म्या तुमाले पाह्यलं तवा तुमी गुपचूप बसेल होते," काकू म्हणाल्या. "मलेबी कुठं धरता आला?"

काका त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हसत होते.

दुकानाची एक भिंत त्यांनी काळ्या रंगाने रंगवून घेतली होती. तिच्यावर खडूने नोंदी. कोणत्या बॅटरीत किती व्होल्ट, मोजले कधी, आणि तिसरं म्हणजे तेल. काकांकडे थर्मामीटर नव्हता. दुकानाच्या खिडकीत त्यांनी खोबरेल तेलाची एक बाटली ठेवली होती. गरमीत तेल पातळ असतं, थंडीत गोठतं. एवढी खूण त्यांना पुरायची. त्यामुळे भिंतीवर असं दिसायचं: "ट्रॅक्टरची मोठी. साडेबारा. सकाळी सात. तेल गोठलेलं." लिहिलेलं ते कधी पुसायचे नाहीत. जागा संपली की दोन ओळींच्या मधे बारीक अक्षरात लिहायचे. जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजला की हातातलं घड्याळ लावून घ्यायचे आणि पुन्हा खडू कानावर.

भिंतीचा एक कोपरा मात्र बॅटरीसाठी नव्हता. उन्हापासून वीज करणारं एक पॅनल त्यांच्याकडे होतं. त्या काळी आमच्या भागात ती नवलाची वस्तू होती. सरकारी जीपमधून कुठेतरी नेताना त्याच्या काचेला तडा गेला, आणि जीपच्या साहेबांनी ते काकांच्या दुकानात टाकून दिलं. काकांनी ते छपरावर बांधलं, खाली दोन वायरी आणल्या आणि मीटर लावून रोज मोजायला लागले. त्याच्यावर ना दिवा लावला, ना बॅटरी भरली. नुसतं मोजायचं.

"याचा उपयोग काय काका?" मी एकदा विचारलं.

"अजून माहीत नाई. पह्यले वळख तर होऊ दे."

मला हे वेडेपण वाटलं. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी होतो. आमच्या घराण्यात पहिलाच. खोटं कशाला सांगू, त्याचा मला थोडा ताठा आला होता.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात आमच्या गावाला सरकारी योजना मिळाली. गावात वीज नव्हती. चार पॅनल, दोन बॅटऱ्या, ग्रामपंचायतीच्या खोलीत एक टीव्ही आणि दोन दिवे. जीपवाले तेच साहेब सामान घेऊन आले. स्वभावाने सरळ माणूस. सरपंचांनी मला पुढे केलं. "हा आमचा कॉलेजवाला. काय सांगाचं ते याले सांगा. हा सांभाळन."

साहेबांनी मला एक लोखंडी डबा दाखवला. त्याला ते कंट्रोलर म्हणत. पॅनलची वीज आधी या डब्यात येते. बॅटरी रिकामी असेल तर डबा वीज आत सोडतो, बॅटरी भरली की वाट बंद करतो. डब्यावर लाखेचं सील होतं आणि एक पट्टी होती. पॅनलकडून पंचेचाळीस व्होल्टच्या वर येऊ देऊ नये, असं तिच्यावर लिहिलं होतं. साहेब म्हणाले, "हा जळला तर माझ्याकडे दुसरा नाही. मग सगळं सामान काढून पुढच्या गावाला द्यावं लागेल. यादी लांब आहे."

पॅनल शाळेच्या ओट्यालगत लोखंडी सांगाड्यावर बसवली, कमरेएवढ्या उंचीवर. चारही मिळून एका खाटेएवढी होती. पंचायतीची खोली तिथून बरीच लांब. साहेब चारही पॅनल शेजारी-शेजारी, म्हणजे एकाच्या व्होल्टवर जोडणार होते. पण आणलेली वायर त्यासाठी पातळ होती. तेव्हा मी बोललो.

"साहेब, दोन-दोन पॅनल एकामागे एक जोडली तर? व्होल्ट दुप्पट होतील, करंट निम्मा होईल. मग पातळ वायरही पुरेल. टीव्ही तर बारावरही चालतो नि चोवीसवरही."

साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. गाव बघत होतं. वडील बघत होते. तसं जोडलं आणि मी मीटर लावला. सदतीस. मर्यादा पंचेचाळीस. "आठ व्होल्ट मोकळे आहेत," साहेब म्हणाले. त्या संध्याकाळी टीव्ही लागला. चित्र दिसलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर सावरून बसल्या, कारण समोरून एक परका माणूस त्यांच्याशी बोलत होता.

सुट्टी संपवून मी जळगावला आलो आणि बॅग खाली न ठेवता काकांना सगळं सांगितलं. सदतीस म्हणताना माझा आवाज जरा चढलाच असेल.

"मोजलं कवा?"

"वैशाखात. दुपारी दोन वाजता. याच्याहून जास्त ऊन कुठलं असणार?"

काकांनी कानावरचा खडू काढला, पुन्हा ठेवला. "ऊन जास्त, पण व्होल्ट कमी. थंडीत मोजजो, सकाळचं. मग सांगजो."

"काका, उन्हावर चालणारी वस्तू आहे. थंडीत जास्त कशी देईल?"

"माहं तडकेलं पॅनल देते. ते पाह्य, भिंतीवर हाये. कापूस सकाळी जड, हेबी सकाळी जड."

एवढं ऐकून मला राग आला. गावासमोर मिळालेली शाबासकी कोणीतरी काढून घेतो आहे असं वाटलं. मी म्हणालो, "तुम्ही जन्मभर कापूस तोलला काका. कापूस नि वीज यांतला फरक कळायला कॉलेजात जावं लागतं."

हे वाक्य मी इथे एकदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. माझे वडीलही कॉलेजात गेलेले नाहीत.

काका बॅटरीकडे वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी वाकून बाहेर आलो तर भिंतीवर, तडकलेल्या पॅनलच्या नोंदींखाली, एक नवी ओळ होती. "भाडेकरू रागावला. संध्याकाळी सव्वासहा. तेल पातळ."

पावसाळाभर आमचं बोलणं कामापुरतं झालं. काकूंनी मध्ये पडून पाहिलं. "पोरगं हाये, बोललं असन," त्या म्हणायच्या. "म्या कुठं काय म्हटलं? फक्त लिहून ठेवलं," काका म्हणायचे.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा मला दुसऱ्याच गोष्टीचा राग आला. शाळेच्या शिपायाची बायको, जिला सगळं गाव वहिनी म्हणायचं, ती रोज सकाळी लेकराची ओली गोधडी माझ्या पॅनलवर वाळत घालत होती. काच लवकर तापते, गोधडी लवकर वाळते, असं तिचं म्हणणं.

"वहिनी, ही सरकारची काच आहे. कपडे वाळवायची दोरी नाही."

"सूर्यबी सरकारचाच हाये काय भाऊ?" ती म्हणाली. पण गोधडी उचलली. पुन्हा टाकणार नाही असं मी तिच्याकडून वदवून घेतलं. तिनेही हाव म्हटलं.

पौषातला बाजाराचा दिवस होता. वडील सौदा करून काकांच्या दुकानात टेकले होते. काकूंनी चहा दिला. गावचं बोलता बोलता वडील म्हणाले, "टीव्ही बंद हाये सध्या. चित्र हालून राह्यलं होतं, म्हून दुरुस्तीले खामगावले नेला. दिवेबी नाई लावून राह्यले कोणी. टीव्ही नाई त खोलीत जाते कोण?"

काकांचा कप ओठापाशी थांबला. "नेला कवा?"

"परवा. सकाळच्या गाडीनं."

काकांनी बोटांवर मोजलं. मग माझ्याकडे नाही, वडिलांकडे वळून बोलले. "म्हंजे दोन दिवसांपासून बॅटरीतून कोणी काई खाल्लं नाई. आज सांजेलोक ते भरन. पाह्य भाऊ, कोठी ज्वारीनं भरली का आपण तोंड लिंपतो ना? तसा तो डबा तोंड लिंपते. मंग मागून येईल वीज जाईन कुठं? ते तोंडावर धडका मारते. आन थंडीत सकाळी तिचं अंग भारी असते. डब्यावर पंचेचाळीस लिहेल हाये. हा तुहा पोरगा म्हणते सदतीस. ते वैशाखातले सदतीस हायेत."

वडिलांनी लगेच मान हलवली. "दहिवरातल्या कापसावानी."

"बस्स! तसंच."

मला दोन वर्षांच्या कॉलेजात जे कळलं नव्हतं ते वडिलांना अर्ध्या कप चहात कळलं. मी उठलो आणि पहिल्यांदाच त्या कोपऱ्यातल्या नोंदी नीट वाचल्या. एका पॅनलच्या. वैशाख, दुपारी: साडेअठरा, तेल पातळ. मार्गशीर्ष, सकाळी: तेवीस, तेल गोठलेलं. मी मनात दुपटीने गुणलं. सेहेचाळीस.  डबा जळला तर टीव्ही जाणार, दिवे जाणार, आणि ते माझ्यामुळे जाणार. साहेब चारही शेजारी-शेजारी जोडणार होते. मीच मध्ये बोललो होतो.

"काका, आता काय करायचं?"

"आता गाडी नाई. सकाळच्या पह्यल्या गाडीनं जाऊ. ऊन पडाच्या आत पोचलो त वाचलं."

सकाळी उठलो तर तेल दगडासारखं झालं होतं. काकांनी बाटली बंडीच्या खिशात घातली, मीटर पिशवीत, अंगावर घोंगडी. दारात माझं डोकं आपटलं. काका म्हणाले, "सांगेल होतं."

गाडीत कंडक्टरने बाटली पाहिली. "काय हो मापारी, पोराचं डोकं चोळाले नेऊन राह्यले काय तेल?"

"याच्या डोक्याले थंडी भोवली नाई," काका म्हणाले. "गरमी भोवली."

गाडीभर लोक हसले. मलाही हसू आलं. त्या हशात आमचा सहा महिन्यांचा अबोला कुठे गेला ते कळलं नाही. पण पुढे रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. एस.टी. बैलांच्या चालीने चालायला लागली. पूर्वेकडे तांबडं फुटलं, मग ऊन आलं. काका खिडकीतून सूर्याकडे असं पाहत होते जसं कर्ज वसूल करणाऱ्याकडे पाहावं. सोनाळ्याला उतरलो तेव्हा ऊन कासराभर वर होतं. तिथून अर्धा कोस आम्ही जवळजवळ पळतच गेलो. काका धोतराचा सोगा हातात धरून पुढे, मी मागे, आणि रात्री माझ्याच खोलीत थांबलेले वडील सौद्याची पिशवी घेऊन त्याहून मागे. मी मनात साहेबांना द्यायचं उत्तर जुळवत होतो, आणि ते काही जुळत नव्हतं.

शाळेच्या वळणावर काका एकदम थांबले. मी त्यांच्या पाठीवर आदळलो.

चारही पॅनलवर एक भली मोठी गोधडी पसरलेली होती. लाल-निळ्या ठिगळांची, मधोमध एक ओला डाग. बाजूला वहिनी लेकराला कडेवर घेऊन उभी. मला पाहताच तिने जीभ चावली आणि गोधडी ओढायला धावली.

"थांब व माय!" काका ओरडले. "हात लावू नको!"

ती घाबरून जागीच उभी राहिली. "नाई टाकत भाऊ, रोज नाई टाकत," ती मला म्हणू लागली. "थंडी पडली तवापासूनच टाकून राह्यली. रात्री लेकरू..."

"थंडी पडली तवापासून?" काकांनी विचारलं. "किती वाजता टाकतं?"

"उजाडलं का."

"आन काढतं कवा?"

"वाळली का. उन्हं वर आली का."

काका ओट्यावर खाली बसले आणि हसू लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अन् याच्या कॉलेजानं तुले मनाई केली होती, हाव ना? पोट्ट्या, तुह्या टीव्हीले कोणं वाचवलं ते पाह्य. त्याले अजून दातबी नाई आले."

मी पंचायतीच्या खोलीत धावत गेलो. डब्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता. डबा ठणठणीत होता.

परत आलो. काकांनी डब्याकडे जाणारी वायर आधी सोडवली, मग गोधडी बाजूला घेतली आणि मीटर माझ्या हातात दिला. काटा वर गेला आणि थांबला. सेहेचाळीस.

 काकांना माझी फजिती करायची असती तर तीच वेळ होती. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मग मीच म्हणालो, "सेहेचाळीस. सकाळी सात वाजून पन्नास मिनिटं." त्यांच्या खिशातून बाटली काढून पाहिली. "तेल गोठलेलं."

"लिहून ठेव," ते म्हणाले, आणि कानावरचा खडू मला दिला. तो खडू त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हातात दिलेला मी आधी पाहिला नव्हता. शाळेच्या भिंतीवर मी ती ओळ लिहिली. दुपारी एक वाजता पुन्हा मोजलं. एकोणचाळीस. तेल पातळ.

वायरी बदलून चारही पॅनल शेजारी-शेजारी जोडायला जाड वायर हवी होती आणि डबा चोवीसवरून बारावर आणायचा तर त्याचं सरकारी सील तोडायला साहेब. तोवर उपाय एकच. काकांनी तेलाची बाटली सांगाड्याला सुतळीने बांधली आणि वहिनीला कारभार सोपवला. तेल गोठलेलं दिसलं की उजाडायच्या आत गोधडी टाकायची. तेल पातळ झालं की काढायची. सरपंचांनी सगळ्यांसमोर तसं जाहीर केलं. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, दोरी नाई न ही? सरकारची काच हाये ना?" मी मान खाली घातली. गाव हसलं. वडील सगळ्यांत मोठ्याने हसले.

आम्ही साहेबांना पत्र लिहिलं. हात माझा, सांगणं काकांचं. आठ दिवसांच्या नोंदी, तीन खाने पाडून: व्होल्ट, मोजलं कधी, तेल. तेलाचा खाना पाहून साहेब हसतील असं मी म्हटलं. काका म्हणाले, "हसू दे. हसाले वाचा लागते."

उत्तर आलं नाही. मी आणखी एक पत्र टाकलं. त्याचंही आलं नाही. तिसरं वर्ष संपलं, आणि मी पुढे शिकायला अमरावतीला निघालो. निघायच्या आदल्या दिवशी काका बाजारात गेले होते. मी ओलं फडकं घेतलं आणि भिंतीपाशी गेलो. "भाडेकरू रागावला" ही ओळ मला तिथे सोडून जायची नव्हती. फडकं भिंतीला लागणार तोच मागून आवाज आला.

"मोजलेलं पुसत नसते बे."

"काका, माझं चुकलं होतं."

"चुकलं होतं. पण झालं होतं ना? मंग राहू दे."

मला आणखी बरंच बोलायचं होतं. मी फडकं पिळून दोरीवर टाकलं. सकाळी दारातून वाकून बाहेर पडलो, डोकं न आपटता.

इथवर लिहून मी वही बंद केली होती, कारण पुढे काय लिहावं ते माझ्यापाशी नव्हतं. गावात दुसरा हिवाळा चालू होता. गोधडी रोज पडत होती. वहिनी एक दिवस माहेरी गेली, किंवा एक सकाळ डोळा लागला, तर डबा गेला, अशी धास्ती मला इथे बसून वाटायची. म्हणूनच मी गच्चीवर तेलाची बाटली ठेवायला लागलो. इकडचं तेल गोठलं की तिकडची आठवण यायची.

त्याला आता दोन महिने होऊन गेले. फाल्गुन लागला. परवा एक पोस्टकार्ड आलं. काकूंनी सांगितलेलं, शेजारच्या मुलीने लिहिलेलं. ते जसंच्या तसं देतो.

"चिरंजीवास आशीर्वाद. साहेब आले होते. तुही दोन्ही पत्रं त्यांच्याकडे होती. त्यांची बदली झाली होती, पत्रं फिरत फिरत गेली म्हणे. तुह्या गावाले जाड वायर टाकली, चारही काचा शेजारी-शेजारी जोडल्या. गोधडीचं काम सरलं. शिपायाची बायको रुसेल हाये. जाताना साहेब दुकानात आले, दोन तास बसले, सगळी भिंत वाचली. एक छापेल कागद देऊन गेले. आता जिथं जिथं पॅनल बसवतीन तिथं हा कागद भरा लागते. त्याच्यात एक नवा खाना हाये, मोजल्याची वेळ. तेलाचा नाई टाकला, पण साहेब म्हणाले, थंड सकाळी मोजाचं असं खाली बारीक छापेल हाये. तुहे काका त्या रात्री तो कागद उशाशी घेऊन झोपले. जेवलेबी कमी. मंग दुसऱ्या दिवशी खळ शिजवाले लावली आन तो कागद भिंतीवर चिकटवला. कुठं चिकटवला ते तुले माहीत हाये. आधी पट्टीनं मोजून पाह्यलं, ती ओळ पुरी झाकते का नाई. खाली खडूनं लिहून ठेवलं हाये, ते तुले कळवा म्हणाले: चिकटवला. सकाळी साडेनऊ. तेल पातळ."